मेक्सिकोतील एका विजेतेपदाचा इतिहास

मेक्सिको शहराच्या जुन्या वस्तीत, पेरू प्रजासत्ताकाचे नाव धारण करणाऱ्या एका रस्त्यावर ‘आरेना कोलिसेओ’ ही कुस्तीची बंदिस्त रंगशाळा आहे. २ एप्रिल १९४३ रोजी ती प्रेक्षकांसाठी खुली झाली. चहूबाजूंनी खाली उतरत गेलेल्या आसनांच्या रांगा आणि अगदी तळाशी दोरखंडांनी वेढलेले चौकोनी रिंगण, अशी तिची रचना असल्यामुळे तेथील लोक तिला कौतुकाने ‘नरसाळे’ म्हणतात. ज्या विजेतेपदाचा इतिहास येथे सांगावयाचा आहे, त्याचा पूर्वार्ध ह्या नरसाळ्याच्या काळाशी जोडलेला आहे. वेल्टरवेट वजनगटाचे हे जागतिक विजेतेपद इ. स. १९४६ मध्ये निर्माण झाले आणि पुढे साठ-सत्तर वर्षे ते एका मल्लाच्या कमरेवरून दुसऱ्याच्या कमरेवर, एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे आणि एका खंडातून दुसऱ्या खंडात फिरत राहिले.

प्रथम ह्या कुस्तीचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. मेक्सिकोत तिला ‘लुचा लिब्रे’, म्हणजे ‘मुक्त झुंज’ असे म्हणतात. आपल्याकडील मातीच्या आखाड्यातील कुस्तीशी तिचे नाते दूरचे आहे. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या ज्या फ्री-स्टाईल लढती भारतातील प्रेक्षकांनी एकेकाळी गर्दी करून पाहिल्या, त्यांच्याशी ते अधिक जवळचे आहे. लढत तीन फेऱ्यांची असते व ज्याने दोन फेऱ्या जिंकल्या तो विजयी ठरतो. मल्लांचे दोन पंथ असतात. नियम पाळून, डावपेचांच्या कौशल्यावर लढणारे ते ‘तेक्निको’ आणि पंचांची नजर चुकवून दांडगाई करणारे ते ‘रूदो’. प्रेक्षकांतही ह्या दोन पंथांचे अभिमानी असतात आणि रूदोंच्या नावाने घसा कोरडा करणाऱ्यांची संख्या बाहेरच्या माणसाला वाटते तितकी थोडी नसते.

आणखी एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. ह्या लढतींचा निकाल बहुधा आधी ठरलेला असतो. असे असेल तर विजेतेपदाला अर्थ तो काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर कुस्तीपेक्षा रंगभूमीच्या व्यवहारात अधिक लवकर सापडेल. नाटक मंडळीत प्रमुख भूमिका कोणाला द्यावयाची हे मालक ठरवतो. परंतु ती त्या नटाला पेलली की नाही, ह्याचा निवाडा पिटात बसलेला प्रेक्षक करतो. भूमिका लादता येते, टाळ्या लादता येत नाहीत. मेक्सिकोतील कुस्तीच्या विजेतेपदाचे असेच आहे. ज्याला ते दिले जाते तो मल्ल मुख्य लढतीचा भार वाहू शकेल, त्याच्या नावावर रंगशाळा भरेल आणि तो प्रतिस्पर्ध्याला जायबंदी न करता तीन फेऱ्या रंगवील, असा विश्वास आयोजकाने त्याच्यावर टाकलेला असतो. म्हणून विजेतेपद हे बक्षिसापेक्षा ठेवीसारखे असते. ती ठेव योग्य हाती गेली की अयोग्य, हे विजेत्यांच्या यादीवरून पुढे ध्यानात येते.

ह्या व्यवसायाचा पाया मेक्सिकोत साल्वादोर लुत्तेरोत गोन्सालेस यांनी घातला. मेक्सिकन क्रांतीच्या काळात सैन्यात राहिलेले हे गृहस्थ पुढे कर खात्यात नोकरीस लागले आणि कामानिमित्त सरहद्दीवरील सिउदाद हुआरेस ह्या गावी आले. नदीपलीकडे अमेरिकेतील एल पासो शहर होते. तेथे त्यांनी धंदेवाईक कुस्तीचे खेळ पाहिले आणि आपल्या देशात हा खेळ चालेल, अशी त्यांची खात्री पटली. २१ सप्टेंबर १९३३ रोजी त्यांच्या ‘एम्प्रेसा मेहिकाना दे लुचा लिब्रे’ ह्या कंपनीचा पहिला खेळ राजधानीतील आरेना मोदेलो येथे झाला. सुरुवातीचे अनेक नामांकित मल्ल परदेशी होते. मेक्सिकोच्या रिंगणात मुखवटा घालून उतरलेला पहिला मल्लही एक अमेरिकनच होता. त्याच्यासाठी इ. स. १९३४ मध्ये तो मुखवटा शिवला अंतोनियो मार्तीनेस नावाच्या एका चर्मकाराने. पादत्राणे बनविण्यात मुरलेल्या ह्या कारागिराला माणसाच्या डोक्याचे माप घेण्याचा अनुभव नव्हता आणि तो पहिला मुखवटा नीट बसला नाही म्हणतात. पुढे मात्र मुखवटे हाच त्याच्या घराण्याचा व्यवसाय झाला.

मेक्सिकोतील मल्ल अमेरिकन मल्लांच्या मानाने अंगाने लहान होते. अमेरिकेत प्रेक्षकांची ओढ धिप्पाड हेवीवेट मल्लांकडे असे व हलक्या वजनाची विजेतेपदे तेथे दुय्यम मानली जात. मेक्सिकोत ह्याच्या उलट घडले. चपळाई, उड्या आणि क्षणात बदलणारे पेच ही तेथील कुस्तीची ओळख बनली आणि मध्यम व हलके वजनगट हेच तिचे मानाचे गट ठरले. इ. स. १९३९ मध्ये तार्सान लोपेस ह्या मेक्सिकन मल्लाने गस कॅलिओ ह्याच्याकडून मिडलवेट गटाचे जागतिक विजेतेपद घेतले, तेव्हा ते कायमचेच मेक्सिकोच्या वाट्याला आल्यासारखे झाले. वेल्टरवेट हा त्याखालचा गट होय. मेक्सिकोतील नियमांप्रमाणे ह्या गटातील मल्लाचे वजन ७० ते ७७ किलोग्रॅमच्या दरम्यान असावे लागते. ह्या गटाचे राष्ट्रीय विजेतेपद इ. स. १९३४ पासूनच अस्तित्वात होते. उणीव होती ती जागतिक विजेतेपदाची.

मार्च १९४६ मध्ये ती भरून निघाली. अंतिम लढतीत पीट पॅनकॉफ ह्या परदेशी मल्लाला हरवून ‘एल सांतो’ हा ह्या गटाचा पहिला जागतिक विजेता झाला.

एल सांतो म्हणजे ‘संत’. मूळ नाव रोदोल्फो गुस्मान उएर्ता. त्याचा जन्म २३ सप्टेंबर १९१७ रोजी हिदाल्गो राज्यातील तुलान्सिंगो येथे झाला. उमेदवारीच्या काळात त्याने अनेक नावे धारण केली. त्यांपैकी एक ‘दुसरे वटवाघूळ’ असे होते; परंतु ज्याच्या नावावरून ते घेतले होते त्या मूळ ‘वटवाघुळा’ने कुस्ती नियामक मंडळाकडे तक्रार केली आणि नाव सोडावे लागले. मंडळाची ही दखल लक्षात घेण्याजोगी आहे. निकाल ठरलेले असले तरी नाव, मुखवटा आणि वजन ह्यांबाबतचे हक्क तेथे खोटे मानले जात नाहीत. इ. स. १९४२ च्या जुलै महिन्यात हा मल्ल रुपेरी मुखवटा घालून ‘सांतो’ ह्या नावाने रिंगणात उतरला. नाव संताचे असले तरी त्या वेळी तो रूदो होता आणि चांगलाच दांडगा रूदो होता. पुढच्याच वर्षी त्याने वेल्टरवेट गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. म्हणजे इ. स. १९४६ मध्ये आयोजकांनी नवे जागतिक विजेतेपद कोणा नवख्याच्या हाती ठेवले नव्हते. ज्याच्या नावावर रंगशाळा भरतात हे सिद्ध झाले होते, त्याच्याच कमरेला त्यांनी हा पट्टा बांधला.

येथे विजेतेपद आणि मुखवटा यांच्यातील भेद समजून घ्यावा लागतो. तो समजल्याशिवाय पुढचा सारा इतिहास निरर्थक वाटेल. मेक्सिकोत सर्वांत मोठी लढत विजेतेपदाची नसते, पैजेची असते. मुखवटाधारी मल्ल आपला मुखवटा पणाला लावतो व ज्याला मुखवटा नाही तो आपले केस. हरणाऱ्याने भर रिंगणात मुखवटा काढून आपले खरे नाव व गाव सांगावयाचे असते. ह्या पराभवाची भरपाई नसते. विजेतेपद आज गेले तर सहा महिन्यांनी परत मिळविता येते. गमावलेला मुखवटा सहसा पुन्हा चढविता येत नाही. त्यामुळे पैजेच्या लढती द्वेषाने, रक्त सांडून लढल्या जातात आणि विजेतेपदाच्या लढतीत मात्र एक निराळीच शिस्त दिसते. तेथे रूदो देखील आपला दंगा आवरता घेतो, दोघे जमिनीलगतच्या पकडींनी सुरुवात करतात, प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्याचा साहाय्यक उभा असतो आणि रोजच्या आरडाओरड्याला सरावलेला प्रेक्षकवर्ग काही काळ शांतपणे डाव पाहतो. पैजेत माणसाची ओळख पणाला लागते; विजेतेपदासाठी त्याची विद्या.

सांतोच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा ठरला. ७ नोव्हेंबर १९५२ रोजी आरेना कोलिसेओत त्याने ब्लॅक शॅडो ह्या मल्लाशी मुखवट्याची पैज लावली आणि जिंकली. काळा मुखवटा उतरला. आत अलेहांद्रो क्रूस हा देखणा तरुण होता. ह्या लढतीची गणना मेक्सिकन कुस्तीतील सर्वश्रेष्ठ लढतींत आजही होते. त्याच सुमारास होसे जी. क्रूस ह्या प्रकाशकाने सांतोला नायक करून छायाचित्रांची एक साप्ताहिक चित्रकथा सुरू केली होती. रुपेरी मुखवटा आता केवळ एका मल्लाचा राहिला नव्हता. दर आठवड्याला तो घराघरांत, न्हाव्यांच्या दुकानांत आणि शाळकरी मुलांच्या दप्तरांत जात होता. त्या मुखवट्याचा पराभव होणे आता कोणालाच परवडणारे नव्हते; ना मल्लाला, ना आयोजकाला, ना त्या प्रकाशकाला.

परंतु ब्लॅक शॅडोला एक जोडीदार होता. दोघे भाऊ म्हणून एकत्र लढत असत, जरी ते रक्ताचे भाऊ नव्हते. हा जोडीदार म्हणजे निळ्या मुखवट्याचा ‘ब्लू डीमन’. मूळ नाव अलेहांद्रो मुन्योस मोरेनो. जन्म २४ एप्रिल १९२२ रोजी उत्तरेकडील नुएवो लेओन राज्यातला. तरुणपणी त्याने रेल्वेत काम केले होते आणि त्याच्या पंजांचा आकार पाहून सोबत्यांनी त्याला ‘थोराड हातांचा’ अशा अर्थाचे टोपणनाव ठेवले होते. रोलांदो वेरा ह्या नाणावलेल्या मल्लाच्या तालमीत तो तयार झाला व इ. स. १९४८ मध्ये त्याने व्यवसायात पदार्पण केले. मित्राच्या अपमानाचा सूड घेण्यासाठी तो सांतोविरुद्ध उभा राहिला, अशी कथा प्रेक्षकांपुढे मांडली गेली.

सूड घ्यावयाचा, पण मुखवट्याला हात लावावयाचा नाही, हा मोठा पेच होता. तो विजेतेपदाने सोडविला. इ. स. १९५३ मध्ये ब्लू डीमनने सांतोला हरवून वेल्टरवेट गटाचे जागतिक विजेतेपद आपल्याकडे घेतले. सांतोची कीर्ती इतकी मोठी झाली की त्याचे अनेक पराभव लोकांच्या स्मरणातून पुसले गेले. हा मात्र राहिला, कारण तो विजेत्यांच्या यादीत नोंदला गेला होता. मुखवटा हा नायकाचा होता, पट्टा हा मल्लाचा. आणि मल्ल म्हणून त्या रात्री दुसरा श्रेष्ठ ठरला. पुढे हे दोघे चित्रपटांत खांद्याला खांदा लावून राक्षस, पिशाच्च आणि माथेफिरू शास्त्रज्ञांशी लढले. सांतोच्या चित्रपटांची संख्या पन्नासाच्या वर गेली. परंतु ब्लू डीमनच्या मनात, आणि त्याच्या चाहत्यांच्या मनात तर अधिकच, रुपेरी मुखवट्याच्या सावलीत राहावे लागल्याची खंत होती. तिला उत्तर म्हणून ते नेहमी ह्या १९५३ च्या लढतीकडे बोट दाखवीत. विजेतेपदाचे खरे मोल एवढेच म्हणावयाचे असेल, तर तेही लहान नव्हे.

ब्लू डीमनकडे ते सुमारे पाच वर्षे राहिले. इ. स. १९५८ मध्ये कार्लोफ लागार्दे याने ते त्याच्याकडून मिळविले. लागार्दे मुखवटा घालीत नसे. भयपटांतील नट बोरिस कार्लोफ याच्यावरून त्याने नाव घेतले होते आणि रेने ग्वाहार्दो याच्या साथीने ‘बंडखोर’ ह्या नावाची त्याची जोडी रूदोंमध्ये अग्रगण्य मानली जाई. त्याने हे विजेतेपद इ. स. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत स्वतःकडे ठेवले. चित्रकथा नाही, रुपेरी वा निळे तेज नाही. केवळ जाणकारांचा मान. विजेतेपदाच्या इतिहासात अशा माणसांचे काळ वाचावयास नीरस वाटतात, पण पट्ट्याची पत टिकते ती बव्हंशी त्यांच्यामुळे.

हे सर्व मल्लांविषयी झाले. पट्ट्याची मालकी कोणाची, हा प्रश्न वेगळा होता आणि शेवटी तोच अधिक चिघळला. इ. स. १९४८ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात काही आयोजकांनी एकत्र येऊन ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ नावाचा संघ स्थापन केला होता. प्रत्येक आयोजकाने आपापला प्रदेश सांभाळावा, इतरांच्या प्रदेशात घुसू नये आणि सर्वांनी मिळून एक हेवीवेट विजेता मान्य करावा, असा हा करार होता. इ. स. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लुत्तेरोत यांची कंपनी त्यात सामील झाली. अमेरिकन आयोजकांना हलक्या गटांत विशेष रस नव्हता. त्यामुळे वेल्टरवेट व मिडलवेट ह्या गटांची जागतिक विजेतेपदे संघाचे नाव लावून, पण मेक्सिकन कंपनीच्या ताब्यात राहिली. म्हणजे पट्ट्यावर नाव एकाचे व ताबा दुसऱ्याचा. जोवर दोघांचे सख्य होते तोवर ह्या विसंगतीकडे कोणी पाहिले नाही. कुळाने पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसावी आणि सात-बाराच्या उताऱ्यावर नाव दुसऱ्याचेच असावे, तसाच हा प्रकार होता.

इ. स. १९७५ मध्ये काही नाराज मल्ल व आयोजक बाहेर पडले आणि त्यांनी ‘युनिव्हर्सल रेसलिंग असोसिएशन’ ही प्रतिस्पर्धी संस्था काढून स्वतःची जागतिक विजेतेपदे निर्माण केली. इ. स. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जुन्या कंपनीने अमेरिकन संघाचे सदस्यत्व सोडले व लवकरच ‘कोन्सेहो मुन्दियाल दे लुचा लिब्रे’, म्हणजे ‘मुक्त कुस्तीची जागतिक परिषद’ असे नवे नाव घेतले. नव्या नावाची नवी विजेतेपदेही आली. जुनी मात्र तिने सोडली नाहीत. सदस्यत्व गेले, वर्गणी थांबली; पट्ट्यावरील संघाचे नाव तसेच राहिले.

ह्याच काळात वेल्टरवेट विजेतेपद जपानला गेले. मेक्सिको व जपान यांच्यात मल्लांची ये-जा जुनी आहे. अंगाने लहान असलेल्या जपानी मल्लांना मेक्सिकोत शिकावयास मिळे आणि काम करावयासही. ऑगस्ट १९९६ मध्ये टोकियोतील र्‍योगोकु कोकुगिकान ह्या सुमोच्या प्रसिद्ध सभागृहात आठ वेगवेगळ्या विजेतेपदांचे धारक एकत्र आले व त्यांच्यात स्पर्धा होऊन आठही पट्टे एकाच विजेत्याकडे द्यावयाचे ठरले. मेक्सिकोचा नेग्रो कासास हा वेल्टरवेटचा पट्टा घेऊन त्यात उतरला. ५ ऑगस्ट रोजी ग्रेट सासुके हा जपानी मल्ल विजयी झाला. दोन महिन्यांनी उल्तिमो ड्रॅगनने त्याच्याकडून ते सर्व जिंकले आणि त्या वर्षाच्या अखेरीस आणखी दोन विजेतेपदे जवळ असल्यामुळे हा बेताच्या उंचीचा मल्ल एकूण दहा पट्टे अंगावर घेऊन छायाचित्रासाठी उभा राहिला. खांद्यावर, कमरेला, हातांत, सगळीकडे पट्टे. त्या छायाचित्रात सांतोचा पट्टा कोणता, हे ओळखणे सोपे नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये ही एकत्रित व्यवस्था मोडली व विजेतेपदे पुन्हा वेगळी झाली.

एकविसाव्या शतकात वेल्टरवेट विजेतेपद मेक्सिकोच्या जुन्या कंपनीकडे परत आले. इ. स. २००७ मध्ये ला सोम्ब्रा ह्या तरुण मल्लाने ते हाजिमे ओहारा ह्या जपानी मल्लाकडून मिळविले आणि पुढे ते मेफिस्तोकडे गेले. वजनाची मर्यादा एव्हाना बरीच सैल झाली होती. ७७ किलोग्रॅमच्या रेषेकडे आता कोणी फारसे गांभीर्याने पाहत नसे, आणि जुन्या जाणत्या प्रेक्षकांना ते खुपत असल्यास नवल नाही. वजनाची रेषाच पुसली तर ‘वेल्टरवेट’ ह्या शब्दात उरते काय?

जुना वाद इ. स. २०१० मध्ये उफाळून आला. अमेरिकन संघाची मेक्सिकोत नवी शाखा स्थापन झाली होती आणि तिने जाहीर केले की, जी कंपनी संघाची सदस्य नाही तिला संघाच्या नावाची विजेतेपदे वापरण्याचा अधिकार नाही. ही मागणी पुढे मांडणारा शाखाप्रमुख होता ब्लू डीमन ज्युनियर, मूळ ब्लू डीमनचा दत्तक पुत्र. इ. स. २००८ मध्ये त्याने त्याच संघाचे हेवीवेट जागतिक विजेतेपद मिळविले होते. पित्याने रिंगणात सांतोकडून जे घेतले, ते आता पुत्र कागदोपत्री परत मागत होता. मूळ ब्लू डीमन डिसेंबर २००० मध्ये निवर्तला होता. सांतो त्याच्याही आधी, ५ फेब्रुवारी १९८४ रोजी. दोघांनीही आपला मुखवटा अखेरपर्यंत गमावला नाही व दोघेही मुखवट्यासहच दफन झाले.

कंपनीने वेगळा मार्ग काढला. ऑगस्ट २०१० मध्ये तिने नवे पट्टे करवून घेतले आणि विजेतेपदांच्या नावात ‘ऐतिहासिक’ हा शब्द घातला. मेफिस्तो हा ‘ऐतिहासिक वेल्टरवेट जागतिक विजेता’ म्हणून घोषित झाला. काल होता तोच मल्ल, तेच रिंगण, तोच प्रेक्षकवर्ग. बदलला तो एक शब्द. कंपनीचे म्हणणे असे की, नाव अमेरिकन संघाचे असेल, पण १९४६ पासूनचा इतिहास आमच्या रंगशाळांत घडला आहे. हे म्हणणे कायद्याच्या कसोटीला उतरते की नाही हा वेगळा प्रश्न. इतिहासाच्या दृष्टीने त्यात बरेच तथ्य आहे.

संघाच्या शाखेनेही आपला वेगळा वेल्टरवेट विजेता नेमला, त्यामुळे एकाच मूळ विजेतेपदाचे दोन प्रवाह झाले. ह्या दुसऱ्या प्रवाहात इ. स. २०११ मध्ये कास्सान्द्रो विजेता झाला. मेक्सिकन कुस्तीत ‘एक्झोतिको’ नावाचा तिसरा एक प्रकार आहे. नखरेल वेष आणि स्त्रैण हावभाव करणारे हे मल्ल पूर्वी केवळ हशा पिकविण्यासाठी वापरले जात. कास्सान्द्रो त्यांपैकी एक. समलिंगी असल्याचे त्याने कधी लपविले नाही आणि हशावर न थांबता त्याने डावपेचांच्या बळावर प्रेक्षकांना आपली दखल घ्यावयास लावली. त्याचा जन्म एल पासोचा. लुत्तेरोत यांनी कुस्तीचे ते पहिले खेळ पाहिले होते, त्याच शहरातला.